गहाणखत आणि ठेवपावती

मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



ज्ञातिसंमेलनात बोलावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. शिक्षण, विवाहप्रसंगीचा खर्च, तरुण पिढीची कर्तव्ये ह्यांपैकी काही तरी आपण दरवर्षी ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि जेवणाच्या पंक्तीकडे वळतो. यंदा मंडळाने मजकडे सोपविलेला विषय मात्र तितका मंगल नाही. बँकेवर संकट आले असता घरावरील कर्जाचे काय करावे आणि गाठीची शिल्लक कशी राखावी, ह्याविषयी मी चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी कित्येक कुटुंबांना ह्या संकटाची झळ लागली आहे, ती कुटुंबे ह्या सभागृहात बसलेली आहेत, म्हणून त्या आज्ञेचा अव्हेर करणे मला उचित वाटले नाही.

मध्यमवर्गीय घरातील कपाटात हल्ली दोन कागद हटकून सापडतात. एक गृहकर्जाचा करार आणि दुसरी ठेवपावती. पहिल्या कागदान्वये आपण बँकेचे ऋणको असतो, दुसऱ्यान्वये बँक आपली ऋणको असते. चांगल्या दिवसांत हे दोन्ही कागद एकाच तोलाचे वाटतात. बँकेचे व्यवहार थांबले की त्यांतील भेद उघडा पडतो. ठेवपावतीवरील पैसा तत्काळ अडकतो, कर्जाचा हप्ता मात्र एक दिवसही थांबत नाही. बँक बुडाली तरी तिचे येणे बुडत नाही. ते अवसायकाकडे किंवा तिला सामावून घेणाऱ्या दुसऱ्या बँकेकडे जाते आणि पैन्‌पैचे वसूल होते. हा एक भेद नीट ध्यानात आला तर आज मी जे सांगणार आहे त्यातील बराचसा भाग आपोआप उलगडेल.

प्रथम घडलेले सांगतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ च्या आदेशाने निर्बंध घातले. सुमारे साडेअकरा हजार कोटींच्या ठेवी असलेली ही बँक. तिच्या ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढता येतील असे पहिल्या दिवशी सांगण्यात आले. तीनच दिवसांत ही मर्यादा १०,००० झाली, पुढे २५,०००, ४०,००० आणि नोव्हेंबरात ५०,०००. जून २०२० मध्ये ती एक लाखावर गेली. बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल ह्या एकाच बांधकाम उद्योगसमूहात गुंतली होती, आणि ते झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविली गेली, असे चौकशीत पुढे आले. ताळेबंद वाचणाऱ्या ठेवीदारालाही ते कळण्याचा मार्ग नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण अशा प्रसंगी लोक ठेवीदारालाच शहाणपण शिकवू लागतात. अखेर २५ जानेवारी २०२२ रोजी ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्यातून मिळाले. त्यावरील रकमेची फेड वर्षांच्या टप्प्यांनी, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी, अशी योजना ठरली. सत्तर वर्षांच्या गृहस्थाला दहा वर्षांचा वायदा म्हणजे काय, हे त्याच्या तोंडूनच ऐकावे.

त्या दिवसांत माझ्या परिचयातील एका दांपत्याची जी अवस्था झाली ती मी जवळून पाहिली. घराचे कर्ज एका मोठ्या बँकेचे, आणि दोघांचे पगार जमा होत ते खाते निर्बंध आलेल्या बँकेत. हप्ता त्या खात्यातून परस्पर वळता होत असे. खाते गोठले, हप्ता परत गेला, दंड लागला. पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. पैसा होता, नोकरी होती, नियत तर होतीच होती. तरीही पतनोंदीत त्यांच्या नावापुढे थकबाकीचा डाग पडला. बाईंनी पाटल्या मोडल्या आणि दोन हप्ते भरले, तेवढ्यात मालकांनी पगाराचे खाते बदलून दिले. बँकेने त्यांना बुडविले असे म्हणता येणार नाही, कारण त्यांची ठेव विम्याच्या मर्यादेत होती आणि पुढे ती मिळाली. त्यांना अडविले ते मधल्या काळाने. बँकेच्या संकटात बहुतेक सामान्य कुटुंबांची हानी अशीच होते.

हे केवळ सहकारी बँकांतच घडते असेही नाही. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेसारख्या मोठ्या खाजगी बँकेवर ५०,००० रुपयांची मर्यादा आली; सुदैवाने ती १८ मार्चला उठली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेत १२२ कोटींच्या रोकडीच्या अपहाराचा आरोप पुढे आला. आरंभी तर एक रुपयाही काढता येत नव्हता, महिनाअखेर २५,००० ची मोकळीक मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी सारस्वत बँकेने ती सामावून घेतली. पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी २०१३ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे वाट पाहिली, आणि शेवटी परवाना रद्द झाला. एकाचा वनवास तेरा दिवसांचा, दुसऱ्याचा नऊ वर्षांचा. आपल्या वाट्याला कोणता येईल हे आधी सांगता येत नाही, एवढेच ह्यावरून घ्यावयाचे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या प्रांतात सहकारी बँका बहुतांशी ज्ञातीच्या, पेठेच्या किंवा व्यवसायाच्या आपुलकीतून जन्मल्या. शामराव विठ्ठल बँक १९०६ ची, सारस्वत बँक १९१८ ची, सी. के. पी. बँकही त्याच पिढीतली. सावकाराच्या दारी जाऊन ताबेगहाण लिहून देण्याची पाळी आपल्या माणसावर येऊ नये, हा त्यामागील उदात्त हेतू होता. ताबेगहाणात जमीनच सावकाराच्या कबजात जाई आणि तिचे उत्पन्न तो व्याजापोटी खाई. आजच्या गृहकर्जात घर आपल्याच ताब्यात राहते आणि बँकेकडे हक्काची मूळ कागदपत्रे जातात. हा पालट घडविण्यात त्या संस्थांचा वाटा मोठा आहे आणि त्याचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु सी. के. पी. बँकेवर २०१४ मध्ये निर्बंध आले आणि एप्रिल २०२० च्या अखेरीस तिचा परवाना रद्द झाला, तर सारस्वत बँक आज देशातील सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक आहे. दोहोंच्या मुळाशी आपुलकी सारखीच होती. अंतर पडले ते कर्जे कोणाला, किती आणि कोणत्या तारणावर दिली ह्यात. संचालक आपल्या ओळखीचे आहेत, त्यांच्या वडिलांनी आपल्या वडिलांचे लग्न जमविले, हे सारे खरे असेल. पण त्या ओळखीच्या बळावर कोणी जन्माची कमाई एके ठिकाणी ठेवली तर तो आपल्या स्नेह्यांवरही नकळत अन्यायच करीत असतो.

ओळखीऐवजी मग विश्वासावे कशावर? पहिली गोष्ट ठेव विमा. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक ह्या लागोपाठ कोसळल्या, आणि त्या हादऱ्यातून १९६१ चा कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण लाभले. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. पायरीपायरीने ती १९९३ मध्ये एक लाख झाली, आणि तेथे जवळजवळ सत्तावीस वर्षे अडून राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. पूर्वी हा पैसा बँक पुरती बंद पडल्यावरच मिळे. निर्बंधांच्या अवस्थेतही नव्वद दिवसांत तो मिळावा अशी तरतूद १ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आली. ही सुधारणा फार मोलाची आहे. तरी नव्वद दिवस म्हणजे गृहकर्जाचे तीन हप्ते होत, हे विसरू नये.

ह्या पाच लाखांविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. ही मर्यादा खात्यागणिक किंवा शाखेगणिक नसून एका बँकेतील एका ठेवीदारास आहे, आणि तीत मुद्दल व व्याज दोन्ही धरली जातात. दादरच्या शाखेत चार लाख आणि ठाण्याच्या शाखेत चार लाख ठेवणारा मनुष्य आठ लाखांचा विमेदार होत नाही. दोन निराळ्या बँकांत ठेवणारा होतो. पतिपत्नींच्या संयुक्त खात्याची गणना मात्र एकट्याच्या खात्याहून वेगळी होते, आणि नावांचा क्रम बदलला तर तेही खाते निराळ्या अधिकारातील समजले जाते. अज्ञान मुलाचे पालक म्हणून ठेवलेली रक्कमही वेगळी. हा कोणताही आडमार्ग नाही. विमा महामंडळाचेच हे नियम आहेत. त्यांचा उपयोग करून घेण्यात संकोच नसावा.

आणि विमा जेथे मुळीच पोहोचत नाही ती ठिकाणेही ओळखावी. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या फलकावर बोधचिन्ह कितीही भारदस्त असो, तिच्यातील ठेवींना ह्या महामंडळाचा विमा नाही. सहकारी बँकेतून कर्ज घेताना कर्जाच्या प्रमाणात जे भाग घ्यावे लागतात ते ठेव नव्हेत; बँक बुडाल्यास तो पैसा गेलाच असे धरून चालावे. डाकघरातील बचतीला भारत सरकारची हमी आहे. व्याज अर्धा टक्का अधिक म्हणून पतसंस्थेकडे धावणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ह्या दोन शब्दांतील, हमी आणि व्याज ह्यांतील, फरक कोणी तरी घरी बसून समजावून द्यावा.

आता ह्या विम्याचा आणि गृहकर्जाचा जेथे संबंध येतो ती गोष्ट सांगतो. ती फारच थोड्यांना ठाऊक असते. बँक बंद पडल्यावर विम्याची रक्कम काढताना ठेवीदाराकडून त्याच बँकेचे जे येणे असेल ते आधी वजा केले जाते. समजा, एका गृहस्थाची ठेव सात लाख आणि घराचे कर्ज वीस लाख, दोन्ही एकाच बँकेत. बँक बंद झाली तर त्याला विम्याचे रोख काही हाती येणार नाही. पण त्याचे कर्ज तेरा लाखांवर येईल. सातही लाख सार्थकी लागले. दुसऱ्या गृहस्थाची ठेव तेवढीच, कर्जही तेवढेच, परंतु कर्ज अन्य बँकेचे. त्याला पाच लाख रोख मिळतील, वरचे दोन लाख अवसायकाच्या वाटणीत सापडतील, आणि वीस लाखांचे कर्ज जसेच्या तसे राहील. पहिल्याचे मूल्य वाचले, पण घरखर्चाला पैसा उरला नाही. दुसऱ्याला पैसा मिळाला, पण मूल्य घटले. केवळ निर्बंध असताना अशी वजावट होईल की नाही हे कर्जाच्या करारातील कलमावर अवलंबून असते. म्हणून ते कलम आजच काढून वाचावे. माझे स्वतःचे मत असे की, जेथे कर्ज आहे तेथे मोठी ठेव असण्यास हरकत नाही, मात्र सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम दुसऱ्या एका भक्कम बँकेत, सहज काढता येईल अशी, असलीच पाहिजे. त्या परिचित दांपत्यापाशी एवढी एकच तरतूद असती तर पाटल्या वाचल्या असत्या.

ठेवीची चिंता करताना कर्जाच्या स्वरूपाकडे दुर्लक्ष होऊ नये. कर्ज स्थिर दराचे घ्यावे की बदलत्या दराचे, हा प्रश्न प्रत्येक नवविवाहित जोडपे विचारते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधलेली आहेत. मे २०२० पासून दोन वर्षे हा दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोहोचला. एवढ्याने काय होते ते आकड्यांनीच पाहू. तीस लाखांचे कर्ज, ७ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत. हप्ता येतो सुमारे २३,२५९ रुपये. दर अडीच टक्क्यांनी चढून साडेनऊ झाला की तीस लाखांवरील एका महिन्याचे नुसते व्याजच २३,७५० होते. म्हणजे २०२२ च्या आरंभी ज्याने कर्ज काढले आणि वर्षभर नेमाने हप्ता भरला, त्याचा जवळजवळ सगळा हप्ता व्याजातच जिरू लागला, मुद्दल हलेना. पुष्कळ बँकांनी हप्ता न वाढविता मुदत लांबविली, आणि निवृत्तीनंतरही कर्ज राहील असे दिसताच लोक दचकले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदारास हप्ता वाढविणे, मुदत वाढविणे किंवा स्थिर दराकडे वळणे ह्यांतून निवड करू द्यावी असा आदेश दिला. पुढे २०२५ ह्या वर्षात रेपो दर चार वेळा उतरून डिसेंबरात सव्वापाचवर आला.

ह्या चढउतारातून मी काढलेला निष्कर्ष साधा आहे. स्थिर दर आपल्याकडे बहुधा महाग असतो, आणि पुष्कळदा तो काही वर्षांपुरताच स्थिर असतो. करारातील ते वाक्य लहान अक्षरांत असते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. तेव्हा ज्याच्या पगारात दोन-अडीच टक्के दरवाढ पेलण्याची गुंजाईश आहे त्याने बदलता दर घ्यावा. ज्याची ओढाताण आजच चालली आहे त्याने दराचा विचार करण्यापूर्वी घराच्या आकाराचा विचार करावा. हे बोलणे कटू लागेल. परंतु उपवर मुलाला स्वतःचा मोठा ब्लॉक हवाच, असा जो आग्रह आपल्या समाजात वधूपक्षाकडून धरला जातो, त्याचे व्याज पुढे त्याच मुलीला वीस वर्षे भरावे लागते.

हाती शिल्लक असेल तर ती ठेवावी की कर्जात भरावी? कर्जाचे व्याज बहुधा ठेवीच्या व्याजाहून अधिक असते, शिवाय ठेवीच्या व्याजावर आयकर. शुद्ध गणित फेडीच्या बाजूने आहे. बँकेच्या संकटाच्या दृष्टीनेही कर्जात भरलेला पैसा कोणी गोठवू शकत नाही. तो घराच्या भिंतीत गेला. पण भिंतीतून तो परत निघतही नाही. नोकरी गेली, आजारपण आले, तर फेडलेले कर्ज औषधाला उपयोगी पडत नाही. काही बँका जादा रक्कम कर्जखात्यात ठेवून लागेल तेव्हा उचलण्याची सोय देतात. ती उत्तम आहे, परंतु निर्बंध आले की बँकेस नवे कर्ज देण्याची सहसा मनाई असते, तेव्हा ती उचलही अडेल असे समजून चालावे. म्हणून मघाशी म्हटलेले सहा महिने आधी बाजूला काढावे, आणि मग उरलेले निःशंकपणे कर्जात भरावे.

आणखी दोन गोष्टी लगबगीने सांगतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेतली असेल तर कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. मध्येच बँकेवर निर्बंध आले तर पुढील टप्पा अडतो आणि बांधकाम व्यावसायिकाचा तगादा मात्र चालूच राहतो. अशा कर्जासाठी तरी लहान बँक निवडू नये. दुसरे, कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करण्याचे बंधन बँकांवर आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा. बँक विलीन झाल्यावर जुन्या कपाटांतील कागद हुडकणे सोपे नसते, म्हणून दिलेल्या कागदांची सही-शिक्क्याची यादी आपल्यापाशी असावी.

प्रत्यक्ष निर्बंध आलेच तर? रांगेत उभे राहण्यापूर्वी घरी बसून हप्ते कोठून वळते होतात ते पाहावे आणि त्याच दिवशी दुसऱ्या खात्याचा आदेश द्यावा. पगार, निवृत्तिवेतन आणि विम्याचे हप्ते ह्यांचेही तसेच करावे. ज्या बँकेने आपले पैसे अडविले तिचे कर्ज आपण का फेडावे, असे संतापाने म्हणणारे भेटतील. संताप मी समजू शकतो; पण तो सल्ला ऐकू नये. थकबाकी आपल्याच नावावर चढते आणि घर आपलेच तारण असते.

शेवटी मंडळाच्या कारभाऱ्यांना एक प्रश्न विचारण्याची परवानगी घेतो. आपला शिष्यवृत्ती निधी आणि इमारत निधी अनेक वर्षांच्या वर्गण्यांतून उभा राहिला आहे. विम्याच्या हिशेबात आपले मंडळ म्हणजे एका बँकेतील एक ठेवीदार. निधी कितीही असो, एका बँकेत त्याला संरक्षण पाच लाखांचे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेत ज्या गृहनिर्माण संस्थांचे दुरुस्तीचे निधी होते त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला हे मुंबईकरांना ठाऊक आहे. आपला निधी किती बँकांत आहे, कोणत्या मुदतीचा आहे आणि त्या बँकांची निवड कोणत्या निकषावर झाली, हे येत्या वार्षिक अहवालात एका पानावर छापावे, अशी माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये ज्या मुलामुलींना शिष्यवृत्तीचे धनादेश द्यावयाचे आहेत त्यांची यादी तयार झाल्याचे मघाशी चिटणीसांनी सांगितले. ते पान त्या यादीशेजारीच यावे.